तमिळ किनाऱ्यावर सहकुटुंब: समुद्र, गोपुरे आणि मिनार

सुट्टी जवळ आली की आपल्या घरांत ठरलेली नावे निघतात. अजमेर, हैदराबाद, महाबळेश्वर आणि चार पैसे जास्त साठले असतील तर गोवा. मुलांना समुद्र हवा असतो. नानीला गर्दीपासून दूर, सावलीत टेकता येईल अशी जागा हवी असते. अब्बूंना खर्चाची काळजी असते आणि अम्मीचे दोन प्रश्न कायमचे असतात: जेवणाचे काय आणि नमाजची सोय कुठे? या सगळ्यांना पुरून उरेल असा एक लांबलचक किनारा आपल्या देशात आहे, पण तो आपल्या यादीत सहसा नसतो. तो म्हणजे चेन्नईपासून रामेश्वरमपर्यंतचा तमिळनाडूचा किनारा.

यादीत नसण्याचे एक कारण अंतर हे आहेच. मुंबई-पुण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वेने जवळजवळ एक दिवस जातो. पण दुसरेही एक कारण आहे आणि ते स्पष्ट बोलायला हवे. तमिळनाडू म्हटले की डोळ्यांपुढे देवळे येतात. मामल्लपुरम, कांचीपुरम, तंजावर, रामेश्वरम ही सगळी मंदिरांची गावे. ‘तिथे आपले काय काम?’ हा प्रश्न मी लग्नघरात ऐकला आहे, पालकसभेत ऐकला आहे आणि स्टाफरूममध्येही ऐकला आहे.

आपले तिथे काय काम?

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीच्या यादीत एका प्राचीन मंदिराचे नाव आले आणि दोनच दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच मुलींची नावे गळाली. पुढच्या वर्षी यादीत किल्ल्याबरोबर किल्ल्यालगतचा दर्गाही होता. त्या वेळी दुसऱ्या आळीतली नावे गळाली. दोन्ही वर्षी बसमध्ये मागची बाके रिकामी राहिली. कोणत्याही पालकाचा हेतू वाईट नव्हता. कुणाला मुलांच्या श्रद्धेची काळजी होती, कुणाला ‘तिथे माझ्या मुलीला कुणी काही बोलले तर?’ ही भीती होती. आजच्या दिवसांत ही भीती उगाच आहे, असे मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे मुले एकमेकांची गावे, घरे आणि इतिहास न पाहताच मोठी होतात, हेही तितकेच खरे आहे. जे पाहिलेले नसते त्याबद्दल मग कुणीही काहीही सांगावे आणि मुलांनी ते खरे मानावे, अशी अवस्था होते.

मी शिक्षिका आहे. फतवा देणे हे माझे काम नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावे. पण पाहणे आणि पूजणे यांतला फरक आपल्या मुलांना कळतो. ताजमहाल पाहायला येणारा प्रत्येक जण तिथे फातिहा पढत नाही, तसेच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगडात काय केले हे पाहणारा प्रत्येक जण तिथे हात जोडतोच असे नाही. जमिनीवर फिरा आणि आधी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहा, ही शिकवण कुरआनमध्ये एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. आपल्या पूर्वजांनी ती पाळलीही. मोरोक्कोचा इब्न बतूता १४व्या शतकात याच किनाऱ्यावर उतरला होता आणि मदुराईच्या सुलतानाकडे राहिला होता. अरब खलाशी या किनाऱ्याला ‘मअबर’ म्हणजे पलीकडे जाण्याची वाट म्हणत. पलीकडे म्हणजे श्रीलंकेला.

मामल्लपुरम: मुलांसाठी दगडातली शाळा

सुरुवात मामल्लपुरमपासून करावी. याला महाबलीपुरम असेही म्हणतात. चेन्नईच्या दक्षिणेला साधारण ५५ ते ६० किलोमीटरवर, समुद्राला लागून असलेले हे छोटे गाव. ७व्या-८व्या शतकात पल्लव राजांचे हे बंदर होते. इथल्या शिल्पसमूहाला १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ‘जावे की नाही’ या घोळात असलेल्या कुटुंबासाठी हे सर्वांत सोपे गाव आहे. कारण इथली मुख्य स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहेत. अजिंठा-वेरूळला काढतो तसेच तिकीट काढायचे आणि आत जायचे. नाव, गाव, धर्म कुणी विचारत नाही.

मुलांना घेऊन आधी मोठ्या शिल्पपटासमोर उभे राहावे. सुमारे ९० फूट लांबीच्या खडकावर हत्ती, हरणे, नागलोक, ऋषी आणि देव कोरलेले आहेत. मधली नैसर्गिक भेग ही नदी मानली आहे. याला कुणी ‘अर्जुनाची तपश्चर्या’ म्हणतात, कुणी ‘गंगावतरण’. अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मुलांना मात्र एक कोपरा शोधायला सांगावा. एक मांजर मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे पाय वर करून तपश्चर्येचे सोंग करते आहे आणि तिच्या पायाशी उंदीर जमले आहेत! तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हा विनोद आठ वर्षांच्या मुलालाही न सांगता कळतो.

पुढे पाच रथ आहेत. नाव रथ, पण ही आहेत मंदिरे, आणि एकही दगड दुसऱ्यावर रचलेला नाही. उभा खडक वरून खाली कोरत आणून ती घडवली आहेत. काही भाग अर्धवट सुटलेले आहेत. माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी तेच भाग सर्वांत मोलाचे, कारण काम कसे चालत असे ते तिथे दिसते. गावात आजही छिन्नीचा आवाज येतो. शासनाचे शिल्पकला महाविद्यालय इथे १९५७ पासून आहे आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांमध्ये पाथरवट दिवसभर कामाला बसलेले असतात.

समुद्राकाठी उभे असलेले किनाऱ्यावरचे मंदिर ८व्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. खाऱ्या वाऱ्याने त्याची शिल्पे साबणाच्या वडीसारखी झिजली आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इथे वाळू वाहून गेली आणि तिच्याखाली दडलेली काही जुनी कोरीव कामे उघडी पडली.

समुद्रात उतरण्याबद्दल दोन शब्द. हा बंगालचा उपसागर आहे. लाटा जोरदार असतात आणि पाण्याखालची ओढ फसवी असते. घोट्याभर पाण्यात खेळावे, पोहू नये. आपल्या भगिनींसाठी एक दिलाशाची गोष्टही सांगते. गोव्याच्या काही किनाऱ्यांवर बुरखा किंवा ओढणी घेतलेल्या बाईला अवघडल्यासारखे होते. इथे तसे होत नाही. या किनाऱ्यांवर बायका नऊवार-सहावार साडी नेसूनच लाटांत उभ्या राहतात, अंगभर कपड्यांत समुद्राचा आनंद घेतात. तुमच्या ओढणीकडे कुणी वळून पाहत नाही.

मामल्लपुरमहून दीड-दोन तासांवर कांचीपुरम आहे. तिथले ८व्या शतकातले कैलासनाथ मंदिर वालुकाश्मात बांधलेले आणि बरेचसे शांत आहे. पण कुटुंबातल्या बायकांची पावले रेशमाकडे वळणार हे नक्की. खऱ्या कांजीवरमचे अंग आणि काठ वेगवेगळे विणून एकमेकांत गुंफलेले असतात. या पद्धतीला ‘कोरवै’ म्हणतात. विणकराच्या मागाजवळ दहा मिनिटे उभे राहिल्यावर किंमत का जास्त असते ते कळते. त्यात जर वापरायची, ती पुष्कळदा आपल्या शेजारच्या सुरतेहून आलेली असते.

नागूर: मराठा राजाने बांधलेला मिनार

दक्षिणेकडे जाताना कावेरीच्या मुखाच्या प्रदेशात नागपट्टिणम लागते. त्याच्या एका बाजूला नागूर, दुसऱ्या बाजूला वेळांकण्णी. वीसेक किलोमीटरच्या या पट्ट्यात दर्गा, मंदिरे आणि आरोग्यमातेचे प्रसिद्ध चर्च अशी तिन्ही धर्मांची मोठी स्थाने आहेत. गावातल्या लोकांना याचे काही नवल वाटत नाही.

नागूरला १६व्या शतकातले सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. ते मूळचे उत्तरेकडच्या माणिकपूरचे. दर्ग्यावर जाण्याबाबत आपल्या वाचकांत मतभेद आहेत, हे मला माहीत आहे आणि त्या वादात मी शिरणार नाही. इतिहासाची आवड असणाऱ्या मराठी माणसाने मात्र इथल्या मिनारांखाली एकदा उभे राहावेच. दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यांतला सर्वांत उंच १३१ फुटांचा मिनार कुणी बांधला? तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह भोसले यांनी, १८व्या शतकात. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घराण्यातला राजा आणि आपल्या भाषेपासून हजारभर किलोमीटर दूरच्या तमिळ गावातला हा मिनार!

ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुले आधी हसतात, मग नकाशा मागतात. मराठ्यांचा इतिहास म्हणजे फक्त लढाया आणि मुसलमानांचा इतिहास म्हणजे फक्त चढाया, असे दोन कप्पे त्यांच्या डोक्यात कुणीतरी करून ठेवलेले असतात. नागूरचा मिनार या दोन्ही कप्प्यांत बसत नाही.

दर्ग्यात येणाऱ्यांत हिंदू भाविकांची संख्या मोठी असते. नवस फेडायला डोके भादरून घेणारी तमिळ कुटुंबे तिथे दिसतात. उरुसाला तिथे ‘कंदूरी’ म्हणतात आणि तो चौदा दिवस चालतो. या किनाऱ्यावरचे तमिळ व्यापारी जिथे जिथे गेले तिथे त्यांनी या दर्ग्याची आठवण नेली. सिंगापूर आणि पेनांग इथे १९व्या शतकात उभी राहिलेली नागूर दर्ग्याची स्मृतिस्थाने आजही आहेत.

हाच किनारा २००४ च्या त्सुनामीत सर्वांत जास्त उद्ध्वस्त झाला. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात ६ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत कोळी होते, वेळांकण्णीला आलेले यात्रेकरू होते, खेळायला किनाऱ्यावर गेलेली मुले होती. इथल्या वाळूत फिरताना मुलांना हे सांगावे. सहलीला आलो म्हणून एवढे टाळू नये.

तंजावर: देवळाच्या भिंतीवर मराठी

नागूरहून दोन-अडीच तास आत गेले की तंजावर येते. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे शिखर सुमारे ६० मीटर उंच आहे आणि सारे बांधकाम ग्रॅनाइटचे. आजूबाजूला भाताची खाचरे. इतका दगड इथे आला कुठून, हा प्रश्न कुणालाही पडतो. भिंतींवर चोळकाळातले शिलालेख आहेत. मंदिराच्या सेवेत कोण होते, ते कोणत्या आळीत राहत, त्यांना किती धान्य मिळे, याचा चोख हिशेब त्यांत आहे. चारशे नर्तकींची नावेसुद्धा दगडात कोरलेली आहेत. वाटाड्या सांगेल की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. मुलांना दुपार टळल्यावर स्वतः बघायला सांगावे. सावली पडते आणि चांगली लांब पडते!

याच आवारातल्या भिंतीवर आणखी एक लेख आहे आणि तो आपल्याला वाचता येतो. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास इथे मराठीत कोरवून घेतला. चहूकडे तमिळ अक्षरे आणि मध्येच ओळीमागून ओळी मराठी. परप्रांतात आपल्या भाषेची अशी भेट झाली की अंगावर काटा येतो. तंजावरवर मराठ्यांचे राज्य १७व्या शतकापासून १८५५ पर्यंत होते. इथल्या शहाजी राजांनी लिहिलेले ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांत गणले जाते. राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय सरफोजींनी नावारूपाला आणले. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडीतल्या कागदांचे गठ्ठेही. ग्रंथालयाला जोडलेले छोटे संग्रहालय पाहता येते.

तमिळनाडूत आजही तंजावरी मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांची मराठी तमिळच्या सहवासात वेगळीच झाली आहे. घरात मराठी, बाहेर तमिळ. आपल्यासारख्या घरात एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्यांना त्यांची अडचण आणि त्यांची चैन दोन्ही समजतील.

एक व्यवहाराची सूचना. बृहदीश्वर हे पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालचे स्मारक असले तरी तिथे पूजाही चालू असते. अशा चालत्या मंदिरांत आवार सर्वांना खुले असते, पण पुष्कळ ठिकाणी ध्वजस्तंभाच्या पुढे बिगर-हिंदूंना प्रवेश नाही असा फलक असतो. फलक दिसला की थांबावे. वाद घालू नये, नाव लपवून आत शिरू नये आणि मनालाही लावून घेऊ नये. दुसऱ्याच्या घरात कुठवर जायचे हे घरमालक ठरवतो. आपल्या मशिदींतही काही दंडक आहेतच. चपला बाहेर काढाव्यात, मोबाइल आवरावा, पूजा चालू असेल तर वाट सोडून उभे राहावे.

रामेश्वरम: पहिले बाक आणि शेवटचे बाक

या प्रवासात एकच गाव पाहायचे असेल तर मी रामेश्वरम सांगेन. मुख्य भूमीवरून पांबनचा पूल ओलांडून बेटावर जायचे. १९१४ चा जुना रेल्वे पूल शतकभर चालला. त्याच्या शेजारी बांधलेला नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. जहाज आले की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. शक्यतो दिवसा आणि खिडकीजवळ बसून हा पूल ओलांडावा. खाली दोन्ही बाजूंना हिरवे-निळे पाणी आणि कोळ्यांच्या होड्या.

रामनाथस्वामी मंदिराचे लांबच लांब खांबांचे सोपे जगप्रसिद्ध आहेत. त्याच मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मशीद गल्ली आहे आणि तिथे एका नावाडी कुटुंबाचे घर आहे. १५ ऑक्टोबर १९३१ रोजी जन्मलेले ए. पी. जे. अब्दुल कलाम याच घरात वाढले. घरात आता संग्रहालय आहे आणि बेटावरच्या पेई करुंबू इथे त्यांची कबर व २०१७ मध्ये उभारलेले स्मारक आहे.

कलाम यांनी आत्मचरित्रात सांगितलेल्या दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाने पाठ कराव्यात अशा आहेत. त्यांचे वडील जैनुलाब्दीन आणि रामेश्वरम मंदिराचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मण शास्त्री हे जिवलग मित्र होते. छोटा कलाम डोक्यावर टोपी घालून वर्गात पहिल्या बाकावर बसत असे, शेजारी पुजाऱ्यांचा मुलगा रामनाथ. पाचवीत एक नवे शिक्षक आले. त्यांना हे बघवले नाही आणि त्यांनी टोपीवाल्या मुलाला मागच्या बाकावर पाठवले. रामनाथ रडू लागला. दोन्ही मुलांनी घरी सांगितले. मग काय झाले? लक्ष्मण शास्त्रींनी त्या शिक्षकांना बोलावून घेतले आणि मुलांसमोरच खडसावले: निष्पाप मुलांच्या मनात भेदाचे विष कालवू नका, माफी मागा नाहीतर शाळा सोडा. शिक्षक बदलले.

दुसरी गोष्ट विज्ञानाचे शिक्षक शिवसुब्रमण्य अय्यर यांची. त्यांनी कलामना घरी जेवायला बोलावले. सोवळे पाळणाऱ्या पत्नीने आपल्या स्वयंपाकघरात मुसलमान मुलाला वाढायला नकार दिला. सर चिडले नाहीत. त्यांनी स्वतः वाढले आणि शेजारी बसून जेवले. निघताना पुढच्या आठवड्यात पुन्हा ये म्हणाले. कलाम कचरले, पण गेले. त्या वेळी बाईंनीच त्यांना आत नेले आणि आपल्या हाताने वाढले.

या गोष्टी आपण मुलांना ‘बघा, किती मोठा माणूस झाला’ एवढ्यासाठी सांगतो. मला त्यांत दुसरेही काही दिसते. मुलगा मोठा होणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. पुजारी एका नावाड्याच्या पोरासाठी भांडले आणि सरांनी पत्नीला आठवडाभर वेळ दिला. सहलीच्या बसमधली ती रिकामी बाके मला रामेश्वरमच्या या पहिल्या बाकाशेजारी ठेवून बघावीशी वाटतात. आपल्याकडचा कोणता बाप शाळेत जाऊन दुसऱ्याच्या मुलासाठी बोलेल? आपण तरी बोलू का?

बेटाच्या टोकाला, वीसेक किलोमीटरवर धनुष्कोडी आहे. एकेकाळी इथपर्यंत रेल्वे येई आणि पुढे बोटीने लोक सिलोनला जात. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने गाव पुसून टाकले आणि स्टेशनाकडे येणारी प्रवासी गाडी माणसांसह समुद्रात गेली. आज तिथे चर्चच्या भिंती, स्टेशनाचे अवशेष आणि शंख-शिंपल्यांची दुकाने आहेत. रस्ता संपतो तिथे दोन्हीकडे समुद्र. पाहावे, पण पाण्यात उतरू नये.

किळक्करै: तमिळ बोलणारे आपले भाऊ

परतताना रामनाथपुरमजवळच्या किळक्करै या गावाला अर्धा दिवस द्यावा. मोत्यांच्या आणि शंखांच्या व्यापारावर वाढलेले हे जुने मुस्लिम बंदर. इथली जुनी जुम्मा मशीद बघून आपली मुले गोंधळतील, कारण तिचे दगडी खांब आणि सोपे जवळच्या मंदिरांच्या धर्तीचे आहेत. या मुलुखातल्या पाथरवटांना दगडाची जी भाषा येत होती तिच्यातच त्यांनी मशीदही लिहिली.

१७व्या शतकात सीतक्कादी हा इथला व्यापारी दानशूर म्हणून इतका गाजला की ‘मेल्यावरही दान करणारा सीतक्कादी’ अशी म्हण तमिळमध्ये रूढ झाली. सीतक्कादी म्हणजे शेख अब्दुल कादिर. त्याच्या आश्रयाने उमरुप्पुलवर या कवीने पैगंबर साहेबांचे (सल्ल.) चरित्र तमिळ काव्यात रचले. त्या ग्रंथाचे नाव ‘सीराप्पुराणम’. सीरत हा अरबी शब्द आणि पुराण हा संस्कृत, दोन्ही एकाच नावात!

इथले मुसलमान घरात तमिळ बोलतात. मशिदीला ‘पळ्ळिवासल’, नमाजला ‘तोळुगै’ आणि रोज्याला ‘नोंबु’ म्हणतात. रमजानमध्ये इफ्तारला तांदळाची ‘नोंबु कंजी’ असते. पूर्वी तमिळ भाषा अरबी लिपीत लिहिण्याचीही पद्धत होती, तिला ‘अरवी’ म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ‘तुम्ही मुसलमान, मग मराठी एवढी चांगली कशी?’ हे कौतुक मला बाहेर ऐकावे लागते आणि ‘मुलांना मराठीत कशाला घातले?’ हा प्रश्न घरच्यांत. किळक्करैत असे कौतुकही कुणी करत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. तमिळ ही त्यांची भाषा आहे, संपले. कोकणातल्या वाचकांना आणखी एक ओळखीची खूण सापडेल. इथले मरक्कायर मुसलमान कोकणी मुसलमानांप्रमाणेच शाफई मसलकाचे आहेत. दोन्ही किनाऱ्यांवर अरब व्यापाऱ्यांची गलबते लागत होती, त्याची ही आठवण.

निघण्यापूर्वी

काळ: आपला आणि तिकडचा पाऊस वेगळा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा पावसाळा, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत वादळ-पावसाची शक्यता असते. मे महिन्यात उन्हाचा कहर. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. शाळेमुळे ते जमणार नसेल तर डिसेंबरअखेर हवामानाच्या बातम्या पाहून निघावे. मे महिन्यातच जायचे तर सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी फिरावे, दुपार खोलीत काढावी. तसेही बहुतेक मंदिरे दुपारी बारा-साडेबारा ते चार बंद असतात.

दिवस: सगळे करायचे तर प्रवास धरून दहा दिवस हवेत. आठवडाच असेल तर चेन्नई-मामल्लपुरम-तंजावर-नागूर, किंवा सरळ मदुराईमार्गे रामेश्वरम-किळक्करै. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर रोज गाव बदलू नये.

जेवण: पाटीवर ‘सैवम’ म्हणजे शाकाहारी, ‘असैवम’ म्हणजे मांसाहारी. मंदिराच्या गावांत सैवम खानावळीत केळीच्या पानावरचे जेवण घ्यावे. स्वस्त, ताजे आणि हलालची चिंताच नाही. मांसाहार हवा असेल तर मशिदीच्या आसपासची हॉटेले विचारावीत. नागूर आणि किळक्करैत प्रश्नच येत नाही. किळक्करैचा ‘दोदल’ हा नारळ-गुळाचा मऊ हलवा घरी आणण्यासारखा आहे.

नमाज: ‘पळ्ळिवासल एंगे?’ म्हणजे मशीद कुठे आहे, एवढे तमिळ पुरते. सफरमध्ये कस्रची सवलत आहेच. ज्याने त्याने आपल्या मसलकाप्रमाणे करावे. बायकांसाठी जागा प्रत्येक मशिदीत मिळेलच असे नाही. म्हणून मुसल्ला सोबत ठेवावा आणि मुक्कामाची जागा त्या हिशेबाने निवडावी.

कागद: सर्वांची ओळखपत्रे बरोबर ठेवावीत आणि राहण्याची जागा आधी ठरवून त्यांना आपले खरे नाव, माणसांची संख्या फोनवर सांगावी. ऐनवेळी दारात उभे राहून ‘खोली शिल्लक नाही’ हे ऐकण्यापेक्षा हे बरे.

आणि शेवटचे, शक्य असेल तर एकट्या कुटुंबाने न जाता शेजारच्या एखाद्या हिंदू कुटुंबाला बरोबर घ्यावे. रामेश्वरमच्या मंदिरात ते आत जाऊन येईपर्यंत तुम्ही त्यांची लेकरे सांभाळा. तुम्ही मशिदीत असाल तेव्हा तुमची ते सांभाळतील. संध्याकाळी दोन्हीकडची मुले वाळूत एकत्र खेळतील. परतीच्या गाडीत जागेवरून भांडणे होतील, ती होऊ द्यावीत.